जुन्या वळणाचा बेस आणि मोजके पैसे: एका खरेदीची हकीकत

माझ्या भाचीने बेस (म्हणजे बेस गिटार, खालचे जाड सूर वाजवणारी) घेतला त्याला आता पाच महिने झाले. त्यासाठी आम्ही दोघांनी चार बेस तपासले. एक जवळजवळ घेतलाच होता, एक जीवावर येऊन सोडला, आणि शेवटी जो घेतला त्याच्यावर मी स्वतःच्या हाताने एक मूर्खपणा केला. ते सगळं इथे मांडतोय, कारण "स्वस्तातला रेट्रो बेस कुठला घेऊ?" असं मला वरचेवर कुणी ना कुणी विचारतं आणि एका वाक्यात उत्तर देताना दर वेळी काहीतरी महत्त्वाचं राहून जातं.

मुलगी एकोणीस वर्षांची. तीन वर्षं अकूस्टिक गिटार वाजवत होती, त्यामुळे डाव्या हाताला सवय होती, पण बेस कधी हातात धरलेला नव्हता. मित्रमैत्रिणींचा चौघांचा बँड, साठच्या दशकातल्या ढंगाची गाणी, दोन गिटार, एक ड्रम. त्यांचा बेस वाजवणारा मुलगा मध्येच सोडून गेला आणि "तू गिटारवाली आहेस, तुला जमेल" म्हणून हे तिच्या गळ्यात पडलं. (बहुतेक बेसवाले असेच तयार होतात. माझंही तसंच झालं होतं.) तालमीच्या खोलीत अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) होता, तेवढा खर्च वाचला. पैसे तिने स्वतः साठवलेले, एवढेच, आणि त्यात कुणाची भर पडणार नाही हे ताईने मला आधीच बजावून ठेवलं होतं.

तिने फोनवर एक फोटो दाखवला. व्हायोलिनच्या आकाराचा, तपकिरी, चकचकीत बेस.

"मामा, हाच हवाय."

"वाजवून पाहिलास?"

"नाही. पण व्हिडिओ पाहिलेत. खूप."

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्या पैशांचे दहा वाटे पाडले. सात वाट्यांत बेस. दीड वाटा तारा. एक वाटा सेटअप, म्हणजे वाद्याची बारीक जुळवणी. उरलेल्या अर्ध्यात पट्टा आणि केबल. ती म्हणाली, "तारा तर त्याला असतातच की." तो वाद मी तेव्हा घातला नाही. दहाच्या दहा वाटे बेसवर उधळले की हातात येतो एक देखणा बेस, ज्याच्या तारा बोटांना कापतात आणि ज्याचा आवाज जुन्या गाण्यांच्या जवळपासही जात नाही. हे मी तीनदा पाहिलंय, त्यातलं एकदा माझ्याच बाबतीत.

फोनमधून बेस ऐकणं

तिने पाहिलेल्या व्हिडिओंबद्दल थोडं बोलायला हवं, कारण घोळाचं मूळ तिथे होतं. बेसची सगळ्यांत जाड तार, खालचा ई, वाजतो ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. त्यावरचा ए ५५ ला, डी साधारण ७३ ला, जी ९८ ला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला यातलं जवळजवळ काहीच वाजवता येत नाही. तो वाजवतो ते त्या सुराचे वरचे स्वरांश, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे फोनवर ज्या बेसला वरचे स्वरांश भरपूर तोच "क्लिअर" आणि "भारी" वाटतो, आणि ज्याचा आवाज खरोखर जुना, गोल, खालच्या पट्टीत बसलेला, तो मेल्यासारखा लागतो. म्हणजे जुन्या आवाजाच्या शोधात निघालेला माणूस फोनवर ऐकून नेमका उलटा कौल देतो.

मी तिला तेच दोन व्हिडिओ कानाला बसणाऱ्या जाड हेडफोनवर ऐकवले. पहिल्यात तिला आवडलेला बेस होता, दुसऱ्यात न आवडलेला. तिने निकाल फिरवला आणि मग बराच वेळ गप्प बसली. त्या दिवसापासून व्हिडिओ बंद, बेस हातात घेऊनच पाहायचे असं ठरलं.

व्हायोलिन

फोटोतल्यासारखाच एक बेस वापरलेल्या मालात विक्रीला होता. मूळ कंपनीचा नव्हे, त्या आकाराची स्वस्त प्रत. आम्ही पाहायला गेलो.

या आकाराला स्वतःचा इतिहास आहे आणि तो स्वस्तपणाशी बांधलेला आहे. सगळ्यांना आठवतो तो जर्मन हॉफनर कंपनीचा ५००/१, कारण बीटल्सचा पॉल मॅकार्टनी. त्याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो घेतला तेव्हा अमेरिकन फेंडर कंपनीचा बेस त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. हा परवडला, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नव्हता. तोच बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून जास्त वर्षांनी परत मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली. पण व्हायोलिनच्या आकाराचा इलेक्ट्रिक बेस काढण्यात गिब्सन ही अमेरिकन कंपनी पुढे होती, १९५३ मध्येच. हे मी गाडीत सांगत होतो तेव्हा भाची खिडकीबाहेर बघत होती.

बेस हातात घेतला आणि तिचा चेहरा खुलला. सामान तोलायचा हूकवाला काटा मी बरोबर नेला होता (लोक हसतात, हसू देत). वजन भरलं २.४ किलो. आतून पोकळ, म्हणून इतकं हलकं. अ‍ॅम्पला न जोडताही मांडीवर थरथर जाणवत होती. जोडल्यावर जो आवाज आला तो खरंच गोड होता, एक छोटा "धुप्", मग सूर, मग लगेच विरून जाणं. तिने मला विचारलंही नाही, थेट विक्रेत्याकडे वळली.

मी म्हटलं, दोन मिनिटं थांब.

या प्रकारच्या बेसवर ब्रिज (खालच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात तो) बहुतेक वेळा लाकडी असतो आणि तो स्क्रूने ठोकलेला नसतो. फक्त तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो. कुणी पुसताना ढकलला की सगळे सूर बिघडतात. इथे तेच झालं होतं. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारेला नुसतं टेकवून काढलेला सूर आणि तिथेच दाबून काढलेला सूर एक यायला हवा. दाबलेला चढा येत होता, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी पडत होती. ब्रिज तीन-चार मिलिमीटर मागे सरकवला, सूर जुळले. विक्रेता खूश, भाची त्याहून खूश.

मग मी नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, पाहिला. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर तारेखाली किती फट राहते ते बघायचं. तार स्वतःच सरळ पट्टीचं काम करते. तिथे साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव-एक मिलिमीटर, फट चालते. इथे एकावर एक चार कार्डं सहज गेली. नेक धनुष्यासारखा पुढे वाकलेला होता. आता नेक वाकलेला असणं हे काही संकट नाही, आतला लोखंडी ट्रस रॉड आवळला की सरळ होतो. मी खिशातली षटकोनी किल्ली, म्हणजे अ‍ॅलन की लावली. रॉड हललाच नाही. कुणीतरी तो आधीच शेवटपर्यंत आवळून ठेवला होता आणि तरी नेक वाकलेलाच होता. म्हणजे औषध संपलं होतं आणि रोग तसाच होता.

तरीही मी नाही म्हणण्याआधी तिला दुसरं कारण दिलं, कारण ट्रस रॉडचं दुखणं त्या एका बेसचं होतं, आकाराचं नव्हे. पोकळ बेस बंद खोलीत, दणकून वाजणाऱ्या ड्रमशेजारी, अ‍ॅम्पसमोर उभा राहून वाजवला की अ‍ॅम्पचा आवाज त्याच्या पेटीत शिरतो, पेटी थरथरते, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जाते आणि एक सूर स्वतःहून घुमायला लागतो. अ‍ॅम्पपासून लांब उभं राहून, आवाज कमी ठेवून यावर तोडगा निघतो. त्यांची तालमीची खोली मी पाहिली होती. तिथे लांब उभं राहायचं तर दाराबाहेर जावं लागलं असतं.

परतताना ती माझ्याशी बोलली नाही.

मोठा भाऊ

दुसरा बेस एका दुकानात. नवा, फेंडरच्या प्रिसिजनच्या धर्तीवरचा, मधोमध पिवळा आणि कडेला काळपट होत जाणारा सनबर्स्ट रंग. स्वस्तातला जुन्या वळणाचा बेस म्हटलं की डोळे मिटून हाच सांगणारे खूप आहेत, आणि ते चुकीचं सांगत नाहीत. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन काढला. उभ्या डबल बेसला (व्हायोलिनच्या कुळातलं माणसाएवढं वाद्य) फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. याला फ्रेट होते, सूर नेमका लागायचा, म्हणून प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांची थरथर पकडून पुढे पाठवणारा चुंबकी भाग) मिळाला, ज्यात दोन्ही तुकड्यांची घरघर एकमेकींना मारून टाकते. आजतागायत त्या रचनेत फारसं काही बदललेलं नाही. म्हणूनच त्याची स्वस्त प्रतही सहसा बरी निघते: एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, चुकायला जागाच कमी.

आवाजात तो आम्ही पाहिलेल्या चारही बेसमध्ये सरस होता. मला तर तो माझ्यासाठीच घ्यावासा वाटला.

पण वजन ४.२ किलो, आणि स्केल ३४ इंच. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या डोक्याकडच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत तारेचा वाजणारा भाग. भाचीने पहिल्या फ्रेटपाशी हात नेला आणि मनगट काटकोनात मोडलं. इथे सगळे सांगतात, "हात लहान, म्हणून छोटा बेस घे." मला ते अर्धंच खरं वाटतं. हिशोब करून पाहा. चार बोटं चार फ्रेटवर ठेवायची तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर जवळजवळ १३० मिलिमीटर भरतं. ३० इंची शॉर्ट स्केलवर ११४. फरक दीड सेंटीमीटरचा. डबल बेसवाले तर खालच्या पट्टीत चार बोटं चार सुरांवर ताणतच नाहीत, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरून हात सरकवतात. तीच पद्धत शिकली तर लहान हाताची माणसंही ३४ इंची बेस आरामात वाजवतात. तिला मी ते दाखवलं आणि दहा मिनिटांत तिचं मनगट सरळ झालं.

म्हणजे हाताचा प्रश्न सुटला. खांद्याचा सुटला नाही. पट्टा लावून तिला वीस मिनिटं उभं केलं, मुद्दाम गप्पा मारत. बाराव्या मिनिटाला ती डावा खांदा उचलायला लागली. त्यांची तालीम तीन तास चालते.

"सवय होईल," दुकानातला मुलगा म्हणाला.

होतेही. पण सवय होईपर्यंत बेस भिंतीला टेकलेला राहतो, आणि नव्याने शिकणाऱ्याचा पहिला महिना वाया गेला की बरेचदा बेसच विकला जातो. हा माझा अंदाज आहे, पण अनुभवातून आलेला. प्रिसिजन सोडताना मला वाईट वाटलं, तिला अजिबात नाही.

तिसऱ्या बेसवर फार लिहीत नाही. दोन शिंगांचा, चेरी रंगाचा, गिब्सनच्या ईबी-० च्या वळणाचा, नेकच्या अगदी जवळ एक मोठा पिकअप. दिसायला झकास. पट्टा लावला, हात सोडले, आणि त्याचं डोकं सावकाश जमिनीकडे निघालं. बॉडी हलकी, नेक जड आणि पट्ट्याची खुंटी चुकीच्या जागी असली की असं होतं. मग डावा हात वाजवण्याऐवजी ओझं धरण्यात जातो. शिवाय त्या एका पिकअपचा आवाज बँडमध्ये चिखल होतो: एकट्याने वाजवताना भरदार, गिटारी सुरू झाल्या की कुठे गेला कळत नाही. पाच मिनिटांत बाहेर पडलो.

जो घेतला तो

चौथा तिने स्वतः शोधून काढला. नवा, बेताच्या किमतीतला, फेंडरच्या मस्टँगच्या धाटणीचा, फिकट निळा, पांढरी पिकगार्ड (तारांखालची संरक्षक पट्टी). मूळ मस्टँग बेस १९६६ चा, ३० इंची, शिकणाऱ्यांना आणि लहान चणीच्या लोकांना सोपा पडावा म्हणून काढलेला. म्हणजे हा बेस रेट्रो दिसायला म्हणून कुणी आज मुद्दाम आखलेला नाही. तो तेव्हाही "परवडणारा, सोपा" याच खणातला होता.

काट्यावर ३.३ किलो. हात सोडले, डोकं जागेवर. ठोस लाकूड, घुमण्याचा प्रश्न नाही. पिकअप दोन तुकड्यांचा, घरघर नाही. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवला. हे काम कंटाळवाणं आहे पण दुकानातच करायचं, घरी आणून नव्हे. डी तारेवर नवव्या फ्रेटला सूर दहाव्याला घासत होता. दुकानातल्या मुलाने तसाच दुसरा नग काढून दिला. रंग तोच, मॉडेल तेच, आणि तो साफ निघाला. एकाच खोक्यातले दोन नग असे वेगळे निघू शकतात. परवडणाऱ्या वाद्यात कंपनीचं नाव बघण्याइतकंच हातातला नग बघणं महत्त्वाचं, ते यासाठी.

आवाज? खरं सांगायचं तर निराशा झाली. ठणठणीत, पातळ, वरच्या पट्टीत खणखणणारा. ई तार ढिली वाटत होती, जोरात छेडली की फ्रेटवर फडफडायची.

"मामा, हा अजिबात जुना वाटत नाहीये," ती कुजबुजली.

"बेस घेऊ. आवाज नंतर घेऊ," मी म्हटलं. आणि ते दीड वाटे तिला आठवले.

ढिलेपणाचं कारण सोपं आहे. तीच तार, तोच सूर, पण लांबी कमी केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ३० भागिले ३४ चा वर्ग म्हणजे ०.७८. म्हणजे शॉर्ट स्केलवर तीच तार बावीस टक्के कमी ताणात असते. म्हणून बोटांना मऊ लागते, आणि म्हणूनच ई लुळा पडतो.

आणि पातळपणाचं कारण तारांच्या गुंडाळीत. आज दुकानातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बेसवर राउंडवाऊंड तारा असतात: आतल्या गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली, बोट फिरवलं की खरखर. अशा तारा बेसवर रुळल्या त्याच मुळी साठच्या दशकात, रोटोसाउंड कंपनीच्या. त्याआधी, आणि पुढेही कित्येक वर्षं, फ्लॅटवाऊंड वापरात होत्या, चपटी पट्टी गुंडाळलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाऊंड लावायचा, त्या तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, छेडायचा. अमेरिकन बेसवादक कॅरोल के ब्रिजपाशी तारांवर फेल्टचा (दाट लोकरी कापडाचा) तुकडा ठेवायची आणि बोटाऐवजी पिकने, म्हणजे छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवायची. त्या काळातल्या कितीतरी बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली कारखान्यातूनच स्पंजची पट्टी बसवून यायची. म्हणजे "जुना आवाज" ज्याला म्हणतो तो लाकडात आणि रंगात थोडा, तारा, स्पंज आणि बोट यांत बराचसा.

माझा मूर्खपणा

इतकं सगळं शहाणपण सांगून झाल्यावर मी काय केलं ते ऐका. माझ्या कपाटात फ्लॅटवाऊंडचा एक न उघडलेला संच पडून होता, ३४ इंची बेससाठीचा. म्हटलं, तार लांब आहे, कापली की झालं. तिचे दीड वाटे वाचवायचे होते, मामा म्हणून मिरवायचंही होतं.

बेसच्या तारेला टोकाशी रेशमी धागा गुंडाळलेला असतो, लाल, निळा, हिरवा. तिथपासून पुढे तार बारीक होत जाते आणि तेवढाच भाग ट्यूनरच्या (तार ताणायच्या खुंटीच्या) दांड्यावर गुंडाळायचा असतो. लांब तार छोट्या बेसवर लावली की तो रेशमी भाग ट्यूनरच्याही पुढे निघून जातो आणि दांड्याभोवती येते तार आपल्या पूर्ण जाडीची. डी आणि जी कशाबशा बसल्या. ई ला मी पक्कड लावून वाकवलं. दांड्याच्या कोपऱ्यावर चपट्या पट्टीचे वेढे जरासे उमलले, माशाचे खवले उभे राहावेत तसे. मी ते पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. आवाज पहिल्या संध्याकाळी छान आला. दोन दिवसांनी तिचा फोन, ई सारखा उतरतोय. चौथ्या दिवशी ई लाकडाच्या फळीवर टिचकी मारावी तसा वाजायला लागला. वेढे आतून सुटले होते. संपूर्ण संच गेला.

मग टेप घेऊन बसलो, जे आधी करायचं होतं. मोजायचं असतं तारेच्या मागच्या टोकाच्या गोळीपासून नटपर्यंत. तिच्या बेसवर तारा ब्रिजमधून नव्हे, पाठीमागून बॉडीच्या आरपार येतात, त्यामुळे स्केल ७६ सेंटीमीटरची असूनही गोळी ते नट अंतर भरलं ८३. इथे दुसरा खड्डा होता. "शॉर्ट स्केल" लिहिलेले काही संच यालाही आखूड पडतात, रेशीम नटच्या अलीकडेच सुरू होतं आणि वाजणाऱ्या भागात येतं. मी आयुष्यभर ३४ इंची वाजवत आलो, मला हे वाचून माहीत होतं, हाताने माहीत नव्हतं. पाकिटावर गोळी ते रेशीम अंतर छापलेला संच शोधला. तारांचे दीड वाटे अखेर तिचेच खर्च झाले, आणि फुकट गेलेल्या संचावर ती अजून मला टोमणे मारते.

या वेळी पद्धतशीर केलं. एकेक तार बदलली, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. आधी वाकवली, मग कापली. सेटअपचा वाटा मी कारागिराला दिला नाही, स्वतःच बसलो, पण ती शेजारी बसून शिकली म्हणून तो वाया गेला असं म्हणणार नाही. फ्लॅटवाऊंडचा ताण जास्त, त्यामुळे नेक थोडा पुढे ओढला गेला, दोन कार्डं जायला लागली. ट्रस रॉड पाव फेरा आवळला आणि रात्रभर तसाच ठेवला, लाकूड सावकाश ऐकतं. सकाळी एकच कार्ड. मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटवर, ई ला अडीच मिलिमीटरच्या किंचित खाली, जी ला दोन. मग बाराव्या फ्रेटचे सूर, एकेक सॅडल (ब्रिजवरचा तार टेकते तो तुकडा) मागेपुढे. ई साठी नटची खाच जराशी अरुंद पडत होती, तार वर बसत होती, तेवढी बारीक कानसीने रुंद केली. खोल नाही, फक्त रुंद.

शेवटी बेसच्या खोक्यातल्या पॅकिंगचा करडा स्पंज घेतला, बोटभर रुंद पट्टी कापली आणि ब्रिजला लागून तारांखाली सरकवली. टोन साधारण निम्म्याच्या खाली. ती अंगठ्याने छेडायला गेली, मी म्हटलं, नेकच्या टोकाशी, तर्जनीने.

"धुप्."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाजवलं. मग मला खोलीबाहेर जायला सांगितलं.

पाच महिन्यांनी

त्यांच्या ड्रमवाल्याला एकदा आम्ही फसवलं. त्याच आठ ओळी तिच्या निळ्या बेसवर आणि माझ्या राउंडवाऊंड लावलेल्या प्रिसिजनवर रेकॉर्ड केल्या आणि कुठला कुठला ते न सांगता ऐकवल्या. जुना कुठला वाटतो विचारल्यावर त्याने क्षणात तिचा दाखवला आणि वर "हा नक्की मोठा महागडा असणार" असंही म्हणाला. एका कानाचा पुरावा आहे, त्याला त्याहून जास्त वजन देत नाही. शिवाय मी माझ्या प्रिसिजनला फ्लॅटवाऊंड लावल्या तर तो तिच्या बेसला सहज मागे टाकेल हेही मला ठाऊक आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

सगळं सुरळीत आहे असंही नाही. जी तार वरच्या फ्रेटवर गेली की आवाज आखडतो, सूर पटकन विरतो, आणि एका गाण्यात तिला लांब सूर धरायचा असतो तिथे ती वैतागते. त्या गाण्याआधी स्पंज काढते, नंतर परत घालते, आणि मधल्या वेळात गिटारवाले विनोद सांगतात. स्पंज एकदा झिजला, बदलला. ई अजूनही प्रिसिजनसारखा घट्ट नाही, पण ती आता हलक्या हाताने छेडते, त्यामुळे फडफड जवळपास गेली. खांद्याची तक्रार एकदाही आली नाही.

फोनच्या पडद्यावर मात्र तो तपकिरी व्हायोलिनच आहे. गेल्या आठवड्यात मेसेज आला: "मामा, तसलाच अजून एक विक्रीला आलाय. दुसऱ्या माणसाचा. नुसता बघून येऊ?"

मी लिहिलं, जा, पण अ‍ॅलन की आणि चार कार्डं घेऊन जा.

"काटा पण घेतलाय," तिचं उत्तर आलं.